आधी खा, मग बोलू

जिन्यातच जळक्या साखरेचा वास आला आणि मी पायरीवरच थांबले.

दुसऱ्या कुठल्या घरात असा वास सुटला की माणसं चपला भिरकावून थेट स्वयंपाकघरात शिरतात. आमच्याकडे उलटं आहे. बाबांनी काहीतरी घोळ घालून ठेवलेला असतो, तो सांगायचा धीर होत नसतो, म्हणून ते पुडिंग करायला घेतात. पुडिंग जितकं सुंदर, तितका घोळ मोठा. एकेक पायरी चढताना मी विचार करत होते, या वेळी पाळी कुणाची? दादा नोकरीपायी दुसऱ्या गावी. आई जाऊन वर्षं झाली. राहिलं कोण?

दार उघडंच होतं. बाबा टेबलाशी बसले होते. समोर काचेच्या थाळीत दूध-अंड्याचं पुडिंग, नुकतंच साच्यातून उलटं काढलेलं. वरून तांबूस पाक ओघळत होता. कड कुठे तुटली नव्हती, पोटात एक बुडबुडा नव्हता. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "काय करून बसलात?"

"आधी खा, मग बोलू."

"आधी सांगा."

"अगं, गार आहे तोवर चव आहे. घे, हा चमचा."

या चमच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी त्या क्षणी त्याच्याकडे विंचवाकडे बघावं तशी का बघत होते ते कळणार नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. बाबांच्या आईने कधी मागितली नाही, बाबांनी नाही, आत्याने नाही. ज्याचं चुकलं त्याने गोड करायचं आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने खायचं. एक चमचा तोंडात गेला की विषय संपला. मग कुरकुर नाही, टोमणे नाहीत, वर्षांनी उकरून काढणं तर मुळीच नाही. "तेव्हा खाल्लं होतंस ना?" एवढं विचारलं की समोरच्याचं तोंड बंद. बाबांनी सगळी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात काढली. लोकांची बोलणी जुळवून देण्यात केस पांढरे केले, आणि स्वतःला 'चुकलं' एवढा एक शब्द जुळवता आला नाही.

"सांगणार आहात की नाही?"

त्यांनी चमचा थाळीच्या कडेला टेकवला. मग टेबलक्लॉथच्या सुरकुत्या सारख्या करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादाची बदली होतेय. इकडेच. मुलाबाळांसह येतोय. तर मी त्याला म्हटलं, तुझी खोली आहे ना ती मोठी, उजेडाची…"

"माझी खोली?"

"तू बाहेरच्या खोलीत झोपशील. आणि तुझं ते सामान गॅलरीत बसेल की. गॅलरी काय लहान आहे?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझं 'ते सामान'! मी पुस्तकं बांधते. वाचनालयांची फाटलेली, लोकांच्या घरची वाळवीतून वाचलेली, पानं सुटलेली, पाठ मोडलेली पुस्तकं माझ्याकडे येतात. खोलीत भिंतीला लावलेला, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा आहे, त्याच्या दांड्याला मी सगळा भार टाकून लोंबकळते तेव्हा कुठे तो आवळला जातो. लांब टेबल आहे, त्यावर शिवणीची चौकट, पुठ्ठ्यांची चवड, खळीचं भांडं. खळ लावलेलं पुस्तक वाळायला उजेड लागतो, पण ऊन चालत नाही. हवा लागते, पण वारा चालत नाही. गॅलरीत सकाळी ऊन, दुपारी वारा आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्यांच्या ओल्या कपड्यांचं पाणी. तिथे माझं एक पुस्तक सरळ राहिलं नसतं. गॅलरीत जाणं म्हणजे धंदा गुंडाळणं. हे बाबांना माहीत होतं. मी खळ वाळेपर्यंत खिडकी उघडू देत नाही म्हणून रोज भांडणारे तेच तर होते.

"तुम्ही हो म्हणून मोकळे झालात?"

"तो मुलगा आहे माझा. काय सांगणार होतो?"

"मी कोण आहे? भाडेकरू?"

"म्हणून तर केलंय ना तुझ्या आवडीचं," बाबा म्हणाले आणि थाळी माझ्याकडे सरकवली. पुडिंग थरथरलं आणि पुन्हा स्थिर झालं.

मी उठले, खोलीत गेले आणि दार आपटलं.

खरं सांगायचं तर मला गोडाचं वेड आहे. आणि बाबांच्या हाताला चव आहे, हे माझा राग कितीही असला तरी नाकारता येत नाही. ते साखर वितळवताना भांडं सोडत नाहीत. कुणी हाक मारली तरी मान वळवत नाहीत. साखर कडेने पिवळी होते, मग मधोमध, मग सगळीकडे लालसर, आणि ती काळी पडायच्या आत, अगदी शेवटच्या क्षणी, ते आच बंद करतात. म्हणून त्यांच्या पाकाला गोडाच्या मागून एक किंचित कडू चव येते. चमचा टेकवला की पुडिंगला आधी बारीकशी चीर पडते आणि मग ते आपणहून वाकतं. ते जिभेवर ठेवलं की चावायला लागत नाही. इतकी साधी गोष्ट. दूध, अंडी, साखर. आणि आख्ख्या आयुष्यात मला ती एकदाही नुसती गोष्ट म्हणून खाता आली नाही. शाळेच्या सहलीच्या यादीतून माझं नाव बाबांनी परस्पर काढून टाकलं, पुडिंग. माझं मांजर कुणाला तरी देऊन टाकलं, पुडिंग. प्रत्येक चमच्याबरोबर काहीतरी गिळायचं असायचं.

आणि आई. आईला लग्नानंतर वाचनालयात नोकरी मिळत होती. घरी विचारायला आलेल्या माणसाला बाबांनी दारातच सांगितलं, "तिला नाही जमणार." आई मागे स्वयंपाकघरात होती. तिला हे पुडिंग खाऊन झाल्यावर कळलं. ही हकिकत आमच्याकडे गंमत म्हणून सांगतात. आत्या सांगते, "आणि वहिनीने वाटी चाटूनपुसून साफ केली हो!" सगळे हसतात. मीही हसत आले.

या वेळी मी खाणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन. कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. पहिलाच प्रश्न, "खाल्लंस का?"

"नाही खाल्लं. आणि खाणार नाही."

"अगं बाबांनी एवढ्या मायेने केलंय."

"तुला मायेचा एवढा पुळका असेल तर तू ये आणि खा. खोली माझी जातेय, तुझी नाही."

"तू ना, लहानपणापासून मिरची ती मिरचीच," असं म्हणून त्याने फोन ठेवला. सगळे मला मिरचीच म्हणतात. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण माझ्याबाबत काही ठरवायच्या आधी मला विचारावं एवढं त्या नावाने कुणाला सुचलं नाही.

बाबांनी हार मानली नाही. त्या दिवशी शिळ्या पावाचं पुडिंग झालं, वर मनुका, कडा कुरकुरीत. मी भाजी-पोळी खाल्ली आणि ताट उचललं. नंतर केक झाला. बाबा शेजारच्या खुर्चीवर बसून मी काय उचलते ते बघायचे आणि मी केकवरून हात पलीकडे नेऊन मीठ घ्यायची. फ्रिज गच्च भरला, दूध ठेवायला जागा उरली नाही. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले आणि म्हणाले, "काय हो, रोज कसला समारंभ? आमचा धंदा वाढवताय बरं का!" मी म्हटलं, "तुम्हीच घेऊन जा, थाळीसकट." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

थाळी समोर आली की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि त्या पाण्याचाच मला संताप यायचा. बाबा सकाळी कोणतं पुडिंग करायचं ते ठरवायचे, दुपारी करायचे, संध्याकाळी झाकून ठेवायचे. त्यांना वाटत होतं, मला अजून हवी ती चव सापडलेली नाही.

मग मी माती खाल्ली.

बाबांनी चॉकलेटचं पुडिंग केलं होतं. पातेल्यात घोटून, थाळीत ओतून थंड करायचं असतं ते. बाबा थाळी घेऊन बाहेर गेले आणि पातेलं मोरीत पडलं होतं. मला हात धुवायचे होते, हाताला खळ लागली होती. मी पातेलं बाजूला सारलं. तळाशी जाड खरवड धरली होती, कडेने चकाकत होती. लहानपणापासून खरवड माझी. दादा भांडायचा, पण खरवड माझी. मी विचार केलाच नाही. बोट फिरवलं आणि तोंडात घातलं.

मागे काहीतरी वाजलं. बाबा दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसत होती की मला आधी कळेचना काय झालं. मग कळलं. मी म्हणाले, "बाबा, ही खरवड आहे. हे पुडिंग नाही." ते मान डोलावत वळले. बाहेरच्या खोलीतून त्यांचा फोनवरचा आवाज आला, हळू, पण आनंदाने फुटणारा, "हो हो, खाल्लं तिने. आत्ताच."

मी ओरडले, "ते धरायचं नाही!" पण फोन ठेवून झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी एका जाडजूड शब्दकोशाची पाठ चिकटवत होते तेव्हा दारावर थाप पडली आणि एक सुतार आत आला. कानावर पेन्सिल, हातात टेप. त्याने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि भिंतीला टेप लावला.

"काय करताय?"

"कपाटाचं माप घेतोय. दादासाहेबांनी फोन केला होता. या भिंतीला दारापर्यंत कपाट, आणि हा लोखंडी सांगाडा काढायचाय म्हणाले."

तो माझ्या शिकंज्याबद्दल बोलत होता. त्याने एक हात त्याच्या दांड्यावर ठेवला आणि सैल आहे का ते बघायला दांडा फिरवला. आत वाचनालयाचे ओले ग्रंथ दाबून ठेवले होते. दांडा सुटला आणि पुठ्ठे करकरले.

"हात काढा!" मी इतकी मोठ्याने ओरडले की त्याच्या कानावरची पेन्सिल पडली. "काढा हात! निघा इथून!"

"बाई, मी फक्त माप घ्यायला आलोय. माझा काय दोष?"

"तुमचा काही नाही. पण निघा."

तो बिचारा टेप गुंडाळत जिना उतरला. मी दांडा परत आवळला. एका ग्रंथाची पाठ तिरकी झाली होती. ती मला पुन्हा उसवून पुन्हा शिवावी लागणार होती. मी बाहेर आले. बाबा पेपर तोंडासमोर धरून बसले होते आणि पेपर उलटा होता.

"बाबा, पातेलं चाटलं म्हणून तुम्ही सुताराला घरात घातलंत?"

"दादाने पाठवला. मला काय माहीत?"

"तुम्ही त्याला सांगितलंत मी खाल्लं. बोटभर खरवडीत माझी खोली दिलीत."

"रीत आहे आपली," बाबा पेपरामागून म्हणाले. "मी नाही केलेली."

संध्याकाळी आत्या आली. तिला बाबांनीच बोलावलं असणार. आत्या बाबांहून मोठी, तिच्यासमोर बाबा अजून लहान भावासारखे बसतात. आल्या आल्या तिने पदराखालून डबा काढला. तिच्या हातचे नारिंगी रंगाचे मऊ केक होते, संत्र्याच्या रसाचे.

"आत्या, तूसुद्धा?" मी म्हटलं. "तुझं काय चुकलंय?"

"माझं काही चुकलेलं नाही. भाच्यासाठी रदबदली करायला आलेय. घे, मिरचे, एवढं ताणू नये. भाऊ येतोय घरी, आनंदाची गोष्ट आहे."

"त्याच्या येण्याला माझी ना नाहीच. मला कुणी विचारलं का, एवढंच म्हणणं आहे."

"विचारून काय वेगळं झालं असतं?"

"ते मला विचारल्यावर कळलं असतं!"

आत्याने सुस्कारा सोडला आणि खुर्चीत मागे रेलली. "तुझी आई अशी नव्हती गं. तुझ्या बाबाने कितीदा तिच्या मनाविरुद्ध केलं, पण ती निमूट खायची आणि उठून कामाला लागायची. आणि तिला तर गोड आवडायचंही नाही."

बाबांनी मान वर केली. "काय म्हणालीस, अक्का?"

"वहिनीला गोड आवडायचं नाही. अरे, लग्नात पहिल्या दिवशीच मला म्हणाली होती, वन्सं, गोड खाल्लं की मला मळमळतं. तुला माहीत नव्हतं?"

"ती तर वाटी चाटायची."

"तुझं मन मोडू नये म्हणून," आत्या कौतुकाने म्हणाली. "मग मागच्या दारी जाऊन पाणी पिऊन यायची. काय सोसलं बाईने!"

तिला वाटत होतं ती आईची स्तुती करतेय. मी टेबलावरचा डबा उचलला, झाकण लावलं आणि आत्याच्या हातात परत दिला.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्ही तिला जन्मभर मळमळायला लावलंत. प्रत्येक वेळी आधी तिचं काहीतरी काढून घेतलंत आणि वर तिच्याकडून हे गिळवलंत. तिची नोकरी. मला आठवतंय, ती त्या वाचनालयावरून जाताना चालायची थांबायची. मी तिचा हात ओढायची. आणि तुम्ही ही गोष्ट हसत सांगता!"

"तिने कधी सांगितलं नाही," बाबा म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाही!"

आत्या म्हणाली, "मिरचे, वडिलांशी कसं बोलतेस?" बाबांनी तिला हाताने थांबवलं. ते उठले. मला वाटलं, आता स्वयंपाकघरात जाणार, साखरेचा डबा काढणार. मी तेवढ्यासाठी तयारच होते, डबा हिसकावून खिडकीतून फेकला असता. पण ते फोनकडे गेले. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे दादाचा शब्द न् शब्द खोलीभर ऐकू आला.

"खोलीचं रद्द," बाबा म्हणाले. "ती तिची आहे."

"काय? बाबा, पण तिने खाल्लंय ना?"

"ते धरायचं नाही."

"असं कसं? मग आमचं काय? मी कुठे जाऊ सगळ्यांना घेऊन?"

"ते तू, मी आणि ती, तिघं बसून बोलू. आधी तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. तुला हो म्हणायचा मला हक्क नव्हता."

दादा पलीकडे तावातावाने बोलत राहिला. बाबांनी मध्ये तोडलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "तुला राग आलाय. येणारच. चूक माझी आहे," आणि फोन ठेवला. आत्या तोंडावर पदर धरून बसली होती. त्यांच्या घराण्यात हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला असेल.

मी खोलीत गेले. तिरक्या पाठीचा ग्रंथ शिकंज्यातून काढून टेबलावर घेतला आणि टाके उसवायला लागले. खळ अजून ओली होती, म्हणून निदान कागद फाटत नव्हता. थोड्या वेळाने बाबा दारात आले. हातात काही नव्हतं. नुसते हात त्यांना कुठे ठेवावेत कळत नव्हतं. एकदा पाठीमागे बांधले, मग चौकटीला धरले.

"मी तुझ्या मनाचा विचार केला नाही," ते म्हणाले. "चुकलं माझं."

मी मान वर केली नाही. एवढी वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला तो आला आणि माझा राग काही कमी झाला नाही. उलट वाढला. इतकं सोपं होतं? एवढंसं वाक्य, आणि आई त्याच्यावाचून गेली?

"बरं," मी म्हणाले.

ते गेले नाहीत. मी एक टाका उसवला, दुसरा उसवला. ते तिथेच उभे होते. मग त्यांनी घसा खाकरला.

"तुला तरी," बाबा म्हणाले, आणि थांबले. मी पाहिलं तर त्यांची हनुवटी हलत होती. "तुला तरी आवडतं ना गं? पुडिंग? की तूसुद्धा…"

माझ्या हातातली सुई खाली पडली. डोळ्यांतलं पाणी ग्रंथावर पडू नये म्हणून मी तो लांब सरकवला.

"आवडतं हो, बाबा," मी म्हणाले. "खूप आवडतं. म्हणून तर एवढी चिडलेय."